वारंवार पोट फुगतं, कोरड्या ओकाऱ्या येतात, रिपोर्ट मात्र नॉर्मल: जठराला पीळ पडतोय का, हे कसं पकडायचं

तक्रार साधारण अशी असते. जेवण झाल्यावर छातीच्या खाली, बरगड्यांच्या मधोमध एकदम कळ उठते. पोटाचा वरचा भाग टम्म होतो. ओकाऱ्या येतात, पण लाळ आणि फेस सोडून बाहेर काही पडत नाही. घाम फुटतो, श्वास पुरत नाही, आडवं पडवत नाही. अर्धा तास, तासभर, कधी अख्खी रात्र हे चालतं आणि मग मोठा ढेकर येऊन किंवा काहीच न होता सगळं ओसरतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जावं तर पोट मऊ, सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, ईसीजी नॉर्मल. ‘पित्त वाढलंय’ म्हणून पँटोप्राझोलची पट्टी मिळते. काही आठवडे बरे जातात आणि एखाद्या लग्नाच्या पंगतीनंतर पुन्हा तेच.

असा त्रास असणाऱ्या बहुतेकांना खरोखरच पित्ताचा, पित्ताशयातल्या खड्यांचा किंवा अल्सरचा त्रास असतो, हे आधीच सांगते. पण थोड्या लोकांत जठर स्वतःभोवती फिरत असतं. गॅस्ट्रिक व्हॉल्व्ह्युलस हे त्याचं वैद्यकीय नाव. आजार दुर्मिळ आहे आणि म्हणूनच सुटून जातो. ज्याची आठवण होत नाही ते कुणी शोधत नाही. मी रेडिओलॉजिस्ट आहे, त्यामुळे पुढचं सगळं फोटोंच्या बाजूने लिहिते आहे. मुद्दा एकच: हा पीळ पडतो आणि सुटतो. सुटलेला असताना काढलेला फोटो निर्दोषच येणार. म्हणून कोणतं मशीन, याच्या आधी प्रश्न येतो की फोटो केव्हा काढला.

घरी थांबायचं नाही, अशी वेळ कोणती

१९०४ मध्ये जर्मन सर्जन बोर्खार्ट यांनी तीन खुणा एकत्र मांडल्या, त्या आजही तशाच शिकवल्या जातात. पोटाच्या वरच्या भागात अचानक जोराची कळ, ओकाऱ्या येऊनही उलटी न पडणं, आणि नाकातून घातलेली राइल्स ट्यूब जठरात न उतरणं. तिसरी खूण रुग्णालयातच कळते. पण पहिल्या दोन घरी दिसल्या आणि तासाभरात उतार नसेल, तर तपासण्यांचा क्रम वगैरे विसरा. उलटीत रक्त किंवा कॉफीसारखा काळपट रंग, काळं शौच, नाडी जलद, हातपाय गार, ताप, भोवळ, यातलं काहीही असेल तर तासभरही नको. १०८ ला फोन करा आणि जिथे सीटी स्कॅन आणि सर्जन दोन्ही रात्री मिळतात अशाच ठिकाणी जा. जवळचं पण बिनसर्जनचं रुग्णालय गाठण्यात जाणारा वेळ पुढे महाग पडतो. अपवाद एकच: माणूस शुद्ध हरपत असेल, तर आधी जे जवळ असेल ते.

तिथे पोचल्यावर पहिला ईसीजी काढतील, तो काढू द्या. ‘पोटाचं दुखणं आहे, हृदयाचं कशाला बघता’ म्हणून नातेवाईक वाद घालतात. पन्नाशीच्या पुढे हार्ट अटॅक असाच, पोट दुखून आणि घाम येऊन सुरू होऊ शकतो, आणि छातीत चढलेलं फुगलेलं जठर हुबेहूब हार्ट अटॅकसारखं वागू शकतं. दोन्ही बाजूंनी खात्री हवीच.

आणि कळ चालू असताना पोट चोळू नका. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेण्याची आपल्याकडे गावोगाव पद्धत आहे. एरवी त्याने फार बिघडत नसेल, पण ताणलेल्या, रक्त कमी पडलेल्या जठरावर दाब देणं धोक्याचं आहे. सोडा, इनो, फसफसणारी पेयंही त्या वेळी नकोत. बंद झालेल्या पिशवीत आणखी गॅस कशाला भरायचा?

जठर फिरतं कशामुळे

जठराची दोन टोकं बऱ्यापैकी पक्की असतात. वर अन्ननलिका छातीच्या पडद्यातून, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूंच्या पडद्यातून, येऊन मिळते, तिथे एक. आणि खाली लहान आतड्याची सुरुवात पाठीच्या बाजूला चिकटलेली असते, तिथे दुसरं. मधला भाग यकृत, प्लीहा, मोठं आतडं आणि पडदा यांच्याशी बंधांनी जोडलेला असतो. दोन टोकांना बांधलेली झोळी वाऱ्याने उलटावी तसं हे बंध सैल असले किंवा आजूबाजूला मोकळी जागा झाली की जठर उलटतं. अर्ध्या फेऱ्याहून, म्हणजे १८० अंशांहून जास्त फिरलं की दोन्हीकडची वाट बंद होते. अन्न खाली जात नाही, उलटी वर येत नाही.

सुमारे दोनतृतीयांश रुग्णांत जठर त्याच्या लांबीच्या अक्षाभोवती फिरतं. म्हणजे एरवी खाली-डावीकडे असणारी मोठी वक्र कड वर जाते. मोठ्यांमध्ये हा प्रकार जास्त, आणि त्यामागे बहुतेक वेळा छातीच्या पडद्यात दोष असतो. दुसऱ्या प्रकारात जठर आडव्या अक्षाभोवती दुमडतं, आणि खालचं तोंड उचलून वरच्या तोंडाच्या पातळीला किंवा त्याच्याही वर जातं. हा पीळ पुष्कळदा अर्धवट असतो, सुटतो, पुन्हा पडतो. ‘सहा महिन्यांतून एकदा होतं आणि आपोआप जातं’ असं सांगणाऱ्यांत याचा संशय घ्यावा. थोड्या लोकांत दोन्हींची सरमिसळ असते.

पडद्यातला दोष म्हणजे काय? उतारवयात सर्वांत जास्त सापडतो तो मोठा हायटस हर्निया. अन्ननलिकेसाठी पडद्यात जे भोक असतं ते सैल होऊन जठर हळूहळू छातीत चढतं. लहान, सरकता हर्निया खूप लोकांना असतो आणि त्यात पीळ पडत नाही. भीती आहे ती जठराचा मोठा भाग अन्ननलिकेच्या शेजारून वर जातो त्या प्रकाराची. काहींत डावा पडदाच जन्मतः पातळ आणि वर उचललेला असतो. काहींना जुना अपघात झालेला असतो. मोटारसायकलवरून पडून बरगड्या मोडल्या, त्या जुळल्या. पण त्याच वेळी डावा पडदा थोडा फाटला होता हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि काही वर्षांनी जठर त्या फटीतून वर गेलं. उजवीकडे यकृत आड येतं, म्हणून ही भानगड बहुधा डावीकडेच होते. डॉक्टरांना इतिहास सांगताना दहा वर्षांपूर्वीचा अपघातही सांगा. ‘त्याचा याच्याशी काय संबंध’ असं वाटून तो नेमका गाळला जातो.

हा आजार पहिल्यांदा नोंदवला तो बेर्ती यांनी, १८६६ मध्ये, एका वृद्ध स्त्रीच्या शवविच्छेदनात. रोंटगेनचे क्ष-किरण यायला अजून २९ वर्षं होती. जिवंत माणसात हा पीळ पाहण्याची सोयच नव्हती. आज ती सोय तालुक्याच्या गावीही आहे. अडतं ते वेळेवर आणि योग्य फोटो मागण्यापाशी.

‘सगळं नॉर्मल’ म्हणजे नेमकं काय नॉर्मल

फाइल उघडून एकेक तपासणी बघू या.

सोनोग्राफी आपल्याकडे पहिली होते, स्वस्त आहे, किरण नाहीत. खडे, यकृत, मूत्रपिंड यांसाठी उत्तम. पण ध्वनिलहरी हवेतून नीट जात नाहीत, आणि फुगलेलं जठर म्हणजे हवाच हवा. शिवाय जठर छातीत चढलेलं असेल तर पोटावर फिरवलेला प्रोब तिथे पोचणारच नाही. तेव्हा सोनोग्राफी नॉर्मल आल्याने पीळ नाही असं ठरत नाही. उलट एक सापळा आहे. सोनोग्राफीत खडे दिसतात, सगळा दोष त्यांच्यावर जातो, पित्ताशय काढलं जातं आणि त्रास तसाच राहतो. खडे असणं आणि खड्यांमुळे दुखणं यांत फरक आहे. खड्यांची कळ बहुधा उजवीकडे, पाठीत किंवा खांद्याकडे जाते, आणि उलटी पडते. कोरड्या ओकाऱ्या आणि वर चढणारा फुगारा हे चित्र त्यात बसत नसेल, तर ऑपरेशनच्या तारखेआधी तसं विचारा.

एंडोस्कोपी. दोन झटक्यांच्या मधल्या शांत काळात केली तर आतली त्वचा ठीक दिसते आणि रिपोर्टच्या तळाशी ‘हायटस हर्निया’ एवढेच दोन शब्द असतात. ते शब्द सोडू नका. किती सेंटिमीटरचा? सरकता, की शेजारून वर गेलेला? ‘स्कोप पुढे नेताना अडचण’, ‘जठराच्या घड्या वळलेल्या’, ‘पायलोरस (जठराचं खालचं तोंड) सापडला नाही’ असं काही लिहिलं असेल तर तो थेट इशारा आहे.

रक्ताच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन बघा. मोठ्या हायटस हर्नियात, जिथे पडदा जठराला करकचून घासतो, तिथे बारीक चरे पडतात. त्यांना कॅमेरॉन अल्सर म्हणतात. त्यांतून थेंबथेंब रक्त जात राहतं. सत्तरीच्या आजी, लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही, दोन घास जास्त झाले की धाप लागते, फुप्फुसं तर साफ आहेत: या तिन्ही गोष्टी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे विखुरलेल्या असतात. त्या एका कागदावर लिहिल्या की चित्र बदलतं.

आता छातीचा एक्स-रे. माझ्या मते या आजारात सर्वांत दुर्लक्षित कागद हाच. खोकल्यासाठी, ऑपरेशनच्या फिटनेससाठी, नोकरीच्या मेडिकलसाठी कधी ना कधी काढलेला असतो आणि कपाटावर पडलेला असतो. उभ्याने काढलेल्या छातीच्या एक्स-रेमध्ये डाव्या पडद्याखाली जठरातल्या हवेचा काळा बुडबुडा दिसायला हवा. तो तिथे नाही आणि हृदयाच्या सावलीमागे हवा व पाण्याची सरळ आडवी रेघ दिसते आहे, म्हणजे जठर छातीत आहे. बाजूने काढलेला फोटो असेल तर हे आणखी स्वच्छ दिसतं. ‘डावा पडदा उचललेला’ अशी ओळ रिपोर्टात पुष्कळदा येते, आणि ताप-खोकला बरा झाला की ती कुणी वाचत नाही. पोटाच्या उभ्या एक्स-रेमध्ये एकाऐवजी दोन पातळ्यांवर हवा-पाण्याच्या रेघा दिसल्या आणि पुढे आतड्यात हवा फारशी नसेल, तर आडव्या अक्षाच्या पिळाचा विचार आधी करायचा.

तेव्हा जुन्या फिल्म फेकू नका. रिपोर्ट ठेवून फिल्म रद्दीत देणारी घरं मी पुष्कळ पाहते. आम्हाला उलट हवं असतं. रिपोर्ट पुन्हा लिहिता येतो. दोन वर्षांपूर्वीचा झटक्यातला फोटो पुन्हा काढता येत नाही. सीटी किंवा एमआरआय असेल तर छापलेल्या फिल्मवर मोजकीच चित्रं असतात, म्हणून सीडी किंवा लिंक मागून घ्या.

झटका चालू असताना फोटो कसा मिळवायचा

वारंवार त्रास होणाऱ्यांनी शांत काळातच डॉक्टरांकडून एक चिठ्ठी लिहून घ्यावी: ‘त्रास सुरू असताना आल्यास उभ्याने छाती व पोटाचा एक्स-रे, ईसीजी, आणि गरज पडल्यास डाय देऊन सीटी.’ (डाय म्हणजे फोटोत उठून दिसणारं औषध.) ही चिठ्ठी आणि जुनी फाइल एका पिशवीत ठेवा. रात्री अकरा वाजता कॅज्युअल्टीत बसलेल्या तरुण डॉक्टरला तुमची तीन वर्षांची कहाणी ऐकायला वेळ नसतो, पण एक ओळ वाचायला असतो. ‘जठराला पीळ पडत असावा अशी शंका आहे’ हे शब्द तुम्ही स्वतः उच्चारा. संकोच करू नका. तपासणीच्या फॉर्मवर ‘पोटदुखी’ लिहिलेलं असेल तर वाचणारा अपेंडिक्स, खडे, मुतखडा बघतो; ‘पीळ?’ लिहिलेलं असेल तर जठर कुठे आहे ते आधी बघतो.

गॅसचं इंजेक्शन घेऊन बरं वाटलं की लोक एक्स-रे न काढताच घरी जातात. साध्या एक्स-रेला पाच मिनिटं लागतात. छातीच्या एका एक्स-रेमधून मिळणारे किरण सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट, म्हणजे वर्षभरात निसर्गातून आपल्याला जे सरासरी मिळतात त्याचा अगदी छोटा अंश. पोटाच्या सीटीत हा आकडा साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट असतो. म्हणून एक्स-रेसाठी कुरकुर नको, आणि सीटी दर झटक्याला नको; एकदा, पण नीट.

बेरियम की सीटी

शांत काळात, माणूस स्थिर असेल, तर बेरियम मील अजूनही फार कामाचं. हल्ली पुष्कळ सेंटरवर ते होत नाही, कारण वेळ खातं आणि पैसा कमी देतं. पण त्यात जठर चालताना दिसतं. पांढरं बेरियम पिऊन उभं राहायचं, आडवं व्हायचं, कुशीवर वळायचं आणि डॉक्टर मशीनच्या स्क्रीनवर बघत असतात. लांबीच्या अक्षाचा पीळ असेल तर मोठी वक्र कड वर, लहान खाली, असं जठर उलटं दिसतं. आडव्या अक्षाचा असेल तर जठराचं खालचं तोंड वर आलेलं दिसतं. उभं असताना सरळ आणि आडवं झाल्यावर दुमडलेलं, असंही दिसू शकतं. ते केवळ उभ्याने काढलेल्या फोटोत सुटू शकतं. बेरियम मागताना ‘उभ्याने आणि झोपून, दोन्ही’ असं लिहून घ्या. नंतर दोन दिवस शौच पांढरं होतं आणि घट्ट होऊ शकतं, पाणी भरपूर प्या.

तीव्र झटक्यात मात्र बेरियम नको. जठराला भोक पडलं असेल तर बेरियम पोटाच्या पोकळीत सांडून गंभीर दाह करतं. त्या वेळी पाण्यात विरघळणारा आयोडीनयुक्त डाय वापरतात. त्यातही ओकाऱ्या येणाऱ्या माणसाच्या तो फुप्फुसात जाऊ शकतो, आणि जुन्या प्रकारचा दाट डाय फुप्फुसात गेला तर पाणी भरतं. म्हणून सौम्य, नॉन-आयोनिक डाय निवडतात. हे सगळं तुम्ही ठरवायचं नाही, पण आजी सतत ओकाऱ्या काढते आहे आणि कुणी तिच्या हातात मोठा ग्लास देतं आहे असं दिसलं, तर ‘आधी नळी घालणार का?’ एवढं विचारायला हरकत नाही.

आणीबाणीत सीटीच करायचा, शिरेतून डाय देऊन. काही मिनिटांत जठर कुठे आहे, किती फिरलंय, वाट नेमकी कुठे अडली आहे, पडद्यातलं भोक केवढं आहे, प्लीहा जागेवर आहे की तीही सरकली आहे, सगळं एकदम कळतं. आडव्या कापांवर हा पीळ समजायला कठीण. समोरून आणि बाजूने पुन्हा मांडलेली चित्रं बघावी लागतात. सीटी फक्त पोटाचा सांगितला असेल तर छातीचा खालचा भागही घ्यायला लावा. मोठ्या हर्नियात अर्धं जठर तिथेच असतं.

शिरेतला डाय का हवा, तर रक्तपुरवठा बघायला. जठराला बऱ्याच धमन्या रक्त पुरवतात, म्हणून ते आतड्याइतकं लवकर मरत नाही, पण मरतं. भिंत डाय घेत नाही, भिंतीतच हवेचे कण दिसतात, यकृताच्या शिरांमध्ये हवा, आजूबाजूला पाणी, पोटात मोकळी हवा: यांतलं काही दिसलं की आम्ही रिपोर्ट टाइप करत बसत नाही, थेट सर्जनला फोन करतो. रक्तातलं लॅक्टेट (रक्तपुरवठा कमी पडला की वाढणारा घटक) नॉर्मल असलं तरी सुरुवातीचा धोका टळत नाही. किडनीचा त्रास किंवा डायची पूर्वीची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. पण जीवावर बेतलं असताना क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी सीटी सहसा अडवून ठेवत नाहीत.

एक उलटी बाजूही सांगायला हवी. रिपोर्टात ‘जठर लांबीच्या अक्षावर फिरलेल्या स्थितीत’ असं वाचून लोक रात्री घाबरून फोन करतात. मोठ्या हर्नियात जठर थोडं वळूनच बसतं. ते फुगलेलं नाही, वाट अडलेली नाही, डाय पुढे सरकतोय, तर त्याला पीळ म्हणत नाहीत; स्थिती म्हणतात. पुढे धोका आहे, आज आणीबाणी नाही. तसंच काहींचं जठर नैसर्गिकच मागे दुमडलेलं असतं, वरचा कप्पा भरला की खालच्या कप्प्यात सांडतं. फोटोत ते पिळासारखं भासतं, पण पीळ नसतो. रिपोर्टात ‘अडथळा आहे की नाही’ हे वाक्य शोधा. नसेल तर लिहून मागा.

पीळ सुटला, पुढे काय

रुग्णालयात तोंडाने सगळं बंद, सलाईन, आणि राइल्स ट्यूब. ट्यूब हलक्या हाताने घालायची. अडली तर जोर लावायचा नाही. उतरली की हवा आणि पाणी उपसलं जातं, कळ थांबते, आणि बऱ्याचदा जठर आपोआप सरळ होतं. ट्यूब न उतरल्यास अनुभवी हातांनी एंडोस्कोपीने वाट काढतात, पण आत हवा भरताना जपावं लागतं. भिंत मेल्याची चिन्हं असतील तर यातलं काही न करता थेट ऑपरेशन. तीव्र पिळातल्या मृत्यूचं प्रमाण जुन्या नोंदींत ३० ते ५० टक्के आहे. आता ते बरंच खाली आलंय, पण ज्यांना उशीर झाला त्यांच्यासाठी अजूनही भीषण आहे.

खरी चूक इथून पुढे होते. ट्यूबने बरं वाटलं, रुग्ण चहा मागू लागला, डिस्चार्ज झाला. पडद्यातलं भोक तसंच, सैल बंध तसेच. पीळ सोडवणं म्हणजे उपचाराचा पहिला अर्धा भाग. घरी जाण्याआधी, शक्यतो त्याच मुक्कामात, सर्जनशी बोलून पुढचं ठरवा.

ऑपरेशन बहुतेक वेळा दुर्बिणीतून होतं. जठर खाली ओढून घेतात, हर्नियाची पिशवी सोडवतात, पडद्यातलं भोक टाके घालून लहान करतात, गरजेनुसार जाळी लावतात. आम्लता वर येऊ नये म्हणून जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात, आणि पुष्कळदा जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून पक्कं करतात. पडदा ठीक असून फक्त बंध सैल असतील तर हे टाके, म्हणजे गॅस्ट्रोपेक्सी, हाच मुख्य इलाज. भूल सोसणार नाही अशा अतिवृद्धांत एंडोस्कोपीने पोटातून एक किंवा दोन नळ्या घालून जठर भिंतीला अडकवतात. हर्निया दुरुस्त होत नाही, पण फिरणं थांबतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात जाणार असाल तर आपलं नेमकं ऑपरेशन यादीत बसतं का, हे दाखल होण्याआधीच तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, आणि सीटीचा रिपोर्ट सोबत न्या.

(गॅस्ट्रोपेक्सी शोधलंत तर अर्धी माहिती कुत्र्यांची निघेल. ग्रेट डेन, जर्मन शेफर्डसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत जठर आधी फुगतं, मग फिरतं, आणि काही तासांत जीव जातो. तिथेही उजव्या कुशीवर झोपवून एक्स-रे काढतात आणि तेच टाके घालतात. पण त्या पानांवरचे वेळेचे अंदाज माणसांना लावू नका.)

फोटोत मोठा हर्निया दिसतोय पण काहीच त्रास नाही, अशांचं काय? लगेच ऑपरेशन हवंच असं नाही. तीव्र झटका येण्याची शक्यता वर्षाला साधारण शंभरात एक, असा अंदाज आहे. ऐंशीच्या घरातल्या, हृदयाचा त्रास असलेल्या माणसात लक्ष ठेवणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण ‘त्रास नाही’ हे आजीने सांगितलेलं नीट तपासा. ती वर्षानुवर्षं अर्धीच भाकरी खाते, रात्री उशांचा ढीग करून बसून झोपते, आणि त्याला त्रास म्हणत नाही.

ऑपरेशननंतर पुन्हा तसंच वाटलं तर

पहिले काही आठवडे मऊ, थोडं थोडं, नीट चावून खायचं. घास अडकल्यासारखं वाटणं आणि ढेकर न येणं हे सुरुवातीला होतं, सूज उतरली की कमी होतं. पण अचानक कोरड्या ओकाऱ्या किंवा छातीत कळ आली तर पुन्हा तोच एक्स-रे आणि सीटी, त्याच दिवशी.

वर्षा-दोन वर्षांनी नेहमीच्या तपासणीत ‘हर्निया पुन्हा’ असं आलं तर मात्र घाबरू नका. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी तुलनात्मक अभ्यासात, जाळी लावलेल्या आणि न लावलेल्या दोन्ही गटांत, पाचेक वर्षांनी निम्म्याहून अधिक लोकांच्या फोटोत हर्निया थोडाफार परत आलेला दिसला. तरी बहुतेकांचा त्रास परतला नव्हता आणि पुन्हा ऑपरेशन फार थोड्यांना लागलं. इथे फोटोपेक्षा माणसाला विचारायचं: जेवण जातं का, श्वास पुरतो का, झोप लागते का.

वजन कमी करण्यासाठी स्लीव्ह ऑपरेशन (जठराचा मोठा भाग कापून काढणं) झालेल्यांना उरलेली अरुंद नळी वळल्यामुळे असाच त्रास होऊ शकतो. ती वेगळी दुरुस्ती आहे. ज्या सर्जनने ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच परत जा.

लहान मुलं

तान्ह्या बाळांत जठर थोडं वळलेलं असणं आणि दूध बाहेर टाकणं यासाठी बहुधा ऑपरेशन लागत नाही. वजन वाढत असेल तर दूध पाजून झाल्यावर उभं धरणं, थोडं थोडं पाजणं यावर भागतं आणि वाढीबरोबर बंध घट्ट होतात. मूल मोठं आहे, पोट अचानक फुगलंय, नुसते उमासे येताहेत, तर पडद्यातला जन्मजात दोष किंवा जागेवर नसलेली प्लीहा असू शकते. ते मोठ्यांइतकंच तातडीचं. आणि नवजात बाळाची उलटी हिरवी असेल तर ती जठराची नव्हे, आतड्याच्या पिळाची शंका असते. तिथे सोनोग्राफी उपयोगी पडते, रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या गुंडाळलेल्या दिसू शकतात. पण ती नॉर्मल आली म्हणून थांबत नाहीत, डाय पाजून फोटो काढतात. हिरव्या उलटीसाठी सकाळची ओपीडी उघडायची वाट बघायची नाही. त्याच रात्री बालशल्यचिकित्सक असलेलं रुग्णालय गाठायचं.